दहातले आठ

आमच्या गोल्फ कोर्सवर चौथ्या होलच्या टीवर उभं राहिलं की उजव्या हाताला आधी केवड्याचं बन दिसतं, त्याच्यामागे माड, आणि माडांच्या मागे समुद्र, जो दिसत नाही पण ऐकू येतो. गेल्या वर्षी जानेवारी ते मार्च एवढ्या काळात त्या केवड्यात माझे २१ बॉल गेले. हा आकडा अंदाजाने सांगत नाहीये, वहीत लिहिलेला आहे. बँकेत ३६ वर्षं काढली की लिहून ठेवायची सवय लागते आणि ती रिटायर झाल्यावरही जात नाही, दुधाचा हिशोब, गॅस सिलिंडरची तारीख, आणि त्याच वहीच्या मागच्या पानांवर गोल्फ. २१ च्या २१ बॉल एकाच क्लबने, म्हणजे गोल्फच्या एकाच काठीने, गेले होते. ड्रायव्हरने.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी थोडंसं सांगते. होल म्हणजे टीपासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा, तो कमीत कमी फटक्यांत पार करायचा. प्रत्येक होलचा पहिला फटका टीवरून मारायचा असतो, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, एका छोट्या खुंटीवर बॉल ठेवून; त्या खुंटीलाही टीच म्हणतात. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात आणि त्यातला सगळ्यात लांब दांडीचा, सगळ्यात मोठ्या डोक्याचा तो ड्रायव्हर. डोकं इतकं मोठं की नियमाने त्याला ४६० सीसीची मर्यादा घालावी लागली. बहुतेक लोक टीवर गेले की विचार न करता तोच काढतात, कारण तो त्याच कामासाठी बनवलाय, आणि खरं सांगायचं तर तो बरोबर लागला की त्यासारखं सुख नाही. पातळ टायटॅनियमचा तो आवाज, रिकाम्या स्टीलच्या डब्यावर कोणी टिचकी मारावी तसा, आणि मग बॉल बराच वेळ खालीच येत नाही.

मी गोल्फ शिकले पुण्यात. २००५ ते २००९ तिथे बदली होती, आणि शाखेच्या एका जुन्या खातेदारांनी एकदा मला आणि आमच्या मिस्टरांना येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर पाहुणे म्हणून नेलं. मिस्टर दुसऱ्यांदा काही आले नाहीत, मी जात राहिले. तिथे एक वयस्कर कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग उचलणारे, होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. हातात क्लब कसा धरायचा ते मला मामांनी शिकवलं. मी त्यांना विचारायची, मामा किती लांब गेला, आणि ते उत्तर द्यायचे, "दिसतोय ना मॅडम, मग चला." तेव्हा मला वाटायचं की यार्ड सांगायचा त्यांना कंटाळा येतो. मी ४१ वर्षांची होते, ड्रायव्हर चांगला लागायचा, त्यामुळे त्या बोलण्याकडे लक्ष द्यायची वेळच आली नाही.

मग गोव्यात परत. फोंड्याला घर, आणि कोर्स दक्षिणेला काणकोणच्या बाजूला, किनाऱ्यालगतचं नऊ होलचं. म्हणजे बोरीच्या पुलावरून मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी आणि करमल घाट, रविवारी पहाटे निघायचं आणि घाट उतरेपर्यंत उजाडतं. मध्ये कुठेतरी थांबून भाजीपाव आणि चहा. ही माझी रविवारची देवपूजा म्हटलं तरी चालेल, आई हयात असती तर मात्र हे वाक्य तिला आवडलं नसतं.

५९ व्या वर्षी उजवा खांदा आखडला. फ्रोझन शोल्डर. बायकांमध्ये जास्त दिसतो, डॉक्टरांनी सांगितलं की वेळ लागेल पण सुटेल, आणि तसंच झालं. सात महिने पाठीमागे हात जात नव्हता, वेणी घालायला सुनेला सांगावं लागायचं. आठव्या महिन्यात मी पुन्हा क्लब हातात घेतला. खांदा सुटला होता पण पहिल्यासारखा मागे जात नव्हता, त्यामुळे स्विंग आखूड झाला, वेग कमी झाला, आणि बॉलला क्लबचं तोंड, म्हणजे डोक्याची पुढची बाजू, लागायचं ते जरा उघडंच, उजवीकडे वळलेलं. परिणाम एकच, बॉल सरळ निघायचा आणि शंभर यार्डांनंतर उजवीकडे वळायला लागायचा, केवड्याकडे. याला स्लाइस म्हणतात आणि उजव्या हाताने खेळणाऱ्या निम्म्याअधिक हौशी लोकांना तो कधी ना कधी झालेलाच असतो, पण मला इतक्या वर्षांत झाला नव्हता आणि आता जाता जात नव्हता.

बॉल हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर गोल्फमध्ये शिक्षा दुहेरी आहे. तो फटका मोजला जातो, वर एक दंडाचा, आणि पुन्हा जिथून मारला तिथेच यायचं. म्हणजे टीवरून दुसरा बॉल मारता तो तुमचा तिसरा फटका. शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९ पासून तीनच. तीन मिनिटं केवड्यात. ज्यांनी केवडा जवळून बघितलाय त्यांना माहीत आहे, पानाच्या दोन्ही कडांना आणि मधल्या शिरेला काटे असतात, हात घातला की आत जाताना काही होत नाही, बाहेर काढताना ओरखडे येतात.

माझा भाचा वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत आहे, २६ वर्षांचा, तो माझ्याबरोबर येतो. त्याने सगळे उपाय सुचवले. यू ट्यूबवरचे व्हिडिओ पाठवले, डावा हात जरा वरून धर, बॉल थोडा मागे ठेव, टी खाली कर. मी सगळं करून बघितलं. ड्रायव्हर दीड इंच खाली धरून मारला तर जरा फरक पडला, हे मान्य करते, ज्यांना ड्रायव्हर सोडायचा नाही त्यांनी आधी हेच करून बघावं, किंवा जास्त लॉफ्टचा, म्हणजे तोंड जास्त मागे कललेला, ड्रायव्हर बघावा, बारा-तेरा डिग्रीचा. माझा साडेदहा डिग्रीचा होता. पण मूळ गोष्ट मी टाळत होते ती ही की टीवर ड्रायव्हरच काढायचा असं कुठेही लिहिलेलं नाही. टीवरून कुठलाही क्लब वापरता येतो, बॉल खड्ड्यात ढकलायचा पटर वापरला तरी चालतो.

का टाळत होते याचा मी बराच विचार केलाय. टीवर चार लोक उभे असतात. मागचा ग्रुप वाट बघत असतो. त्या सगळ्यांसमोर बॅगेतून छोटा क्लब काढणं म्हणजे काहीतरी कबूल करणं वाटतं, की आता आपल्याच्याने होत नाही. बाईमाणसाला तर जास्तच, कारण कोर्सवर आधीच कोणीतरी गृहीत धरून असतं की ही हळू खेळणार, आणि मला इतकी वर्षं ड्रायव्हरने ते खोटं पाडायला आवडायचं.

उत्तर मला गोल्फमधून नाही मिळालं. ते मिळालं कुडचड्याच्या शाखेतून, म्हणजे तिथल्या आठवणीतून. २०१० ला माझी बदली खाणपट्ट्यात झाली होती. तेव्हा खाण जोरात होती आणि जो तो ट्रक घेत होता. आम्ही कर्ज द्यायचो ते ट्रिपांवर, दिवसाला किती ट्रिपा, महिन्याला किती दिवस, त्याला भाड्याने गुणायचं, डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार वजा, उरतील त्यात हप्ता बसतो का बघायचं. बसायचाच. मग सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रिपा शून्यावर आल्या. मधे सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद. मी स्वतः सही केलेल्या फाइलींचे ट्रक रस्त्याच्या कडेला उभे असलेले मी बघितलेत, पावसाळ्यानंतर टायरपासून बोनेटपर्यंत वेल चढलेले. त्यातला एक ट्रकमालक शाखेत येऊन माझ्यासमोर काही न बोलता बसून राहायचा, चहा प्यायचा आणि जायचा. त्याची फाइल चुकीची नव्हती. मी हिशोब चांगल्या वर्षाचा केला होता, एवढंच. वाईट वर्षात याचा हप्ता निघेल का, हा प्रश्न त्या फॉर्मवर नव्हता आणि मीही विचारला नव्हता.

एका रविवारी केवड्यातून हात बाहेर काढताना मला तो माणूस आठवला. मी ड्रायव्हरचं तेच करत होते. सकाळी कधीतरी एक फटका १९० यार्ड गेला की तो माझा फटका, आणि उरलेले नऊ काय करतात ते बघायचंच नाही.

मग मी बँकेतल्यासारखं करायचं ठरवलं. पुढच्या तीन रविवारी खेळण्याआधी मोकळ्या बाजूला १० बॉल एकेका क्लबने मारायचे, चालत जाऊन पावलांनी मोजायचे, आणि वहीत दोन रकाने, खेळात राहिले आणि गेले. सगळ्यात लांब गेला तो आकडा लिहायचाच नाही. त्याऐवजी सगळ्यात वाईट तीन फटके कुठे गेले ते लिहायचं. भाचा म्हणाला, "कितें गो मावशे, बॅलन्स शीट करतां गो?" मी म्हटलं होय.

ड्रायव्हर, १० पैकी ४ खेळात. खाली धरून, ५. वाईट तीन, सगळे उजवीकडे ४० पावलांच्या पलीकडे, म्हणजे चौथ्या होलवर सरळ केवड्यात.

थ्री वूड, म्हणजे ड्रायव्हरच्या खालचा क्लब, ५. हे मला अपेक्षित नव्हतं. सगळे सांगतात ड्रायव्हर येत नसेल तर थ्री वूड घ्या, पण त्याचा लॉफ्ट १५ डिग्री, डोकं ड्रायव्हरच्या निम्म्याहून लहान, तोंड बुटकं, दांडीही तशी लांबच. बॉल मधोमध लागला नाही तर ड्रायव्हर जेवढं सांभाळून घेतो तेवढंही तो घेत नाही. माझ्या वेगाला तो बॉल वर पण उचलत नव्हता. त्यामुळे नुसता एक नंबर खाली उतरून माझं काम झालं नसतं, हे वहीतच दिसलं.

फाइव्ह वूड, थ्री वूडहून आखूड, ८. हायब्रिड, म्हणजे वूड आणि पातळ पात्याचा आयर्न यांच्या मधला क्लब, २३ डिग्रीचा, ८. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारीही थोड्याफार फरकाने हेच.

असं का होतं ते नंतर नीट वाचलं, कारण आकडा पटला तरी कारण कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. फाइव्ह वूडचा लॉफ्ट १८ च्या आसपास असतो. लॉफ्ट जास्त असला की बॉल मागच्या बाजूला जास्त फिरतो, आणि हे मागे फिरणं जितकं जास्त तितकी क्लबच्या उघड्या तोंडाने केलेली चूक त्यात कमी दिसते. बॉलच्या फिरण्याचा आस कमी कलतो असं समजा. माझ्या क्लबचं तोंड ड्रायव्हरला जेवढं उघडं राहतं तेवढंच फाइव्ह वूडलाही राहत असेल, पण तोच दोष ड्रायव्हरवर ४० पावलं होतो आणि इथे १५. त्यात माझ्या ड्रायव्हरची दांडी ४४ इंच आणि फाइव्ह वूडची ४१. तीन इंच ऐकायला काही नाही, पण झाडूची काठी तीन इंच लांब करून कोपऱ्यातला कचरा काढून बघा. आणि वेग कमी झालेल्या माणसाला कमी लॉफ्टचा बॉल हवेत टिकतच नाही, तो लवकर पडतो, त्यामुळे मी ज्या लांबीसाठी ड्रायव्हर धरून बसले होते ती लांबीही सरासरीने फक्त १२-१५ पावलंच जास्त येत होती. चांगल्या दिवशी २५. त्या पंधरा पावलांसाठी २१ बॉल.

मला सोप्पं वाटावं म्हणून दोन माणसं मी डोळ्यासमोर ठेवली. एक टायगर वूड्स, २००६ ची ओपन स्पर्धा, इंग्लंडमधलं होयलेकचं कोर्स. त्या उन्हाळ्यात तिथली जमीन वाळून कडक झाली होती, बॉल पडला की पळत होता, आणि त्या माणसाने चार दिवसांच्या ७२ होलांत ड्रायव्हर फक्त एकदा काढला, बाकी टीवर आयर्न आणि वूड, आणि जिंकला. त्याच्याइतका लांब मारणारा माणूस हे करू शकतो. आणि दुसरी आपली अदिती अशोक. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ च्या ऑगस्टमध्ये शनिवारी पहाटे आम्ही घरात टीव्ही लावून बसलो होतो, तिच्यापुढच्या मुली टीवरून तिच्याहून कितीतरी पुढे जात होत्या आणि ही मागून फेअरवे वूड (थ्री, फाइव्ह असे) आणि हायब्रिडने ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक गवतावर, येत होती आणि पटरने पट टाकत होती. चौथी आली, मेडल एका फटक्याने गेलं. सून गोल्फ बघत नाही, ती पण शेवटच्या होलला चहा गॅसवर ठेवून येऊन उभी राहिली आणि चहा उतू गेला. मी त्या सकाळी लांबीचा विचारही केला नव्हता, हे मला आता आठवतं.

फाइव्ह वूड माझ्याकडे होता तो जुना होता, खाऱ्या हवेने ग्रिप चिकट झालेली आणि डोक्याच्या मानेपाशी गंज. आपल्याकडे किनाऱ्यावर राहून स्टीलचं काहीही नीट ठेवणं म्हणजे रोजचं काम आहे. म्हणून दुसरा घ्यायचं ठरवलं, ऑनलाइन एका विक्रेत्याकडे सेकंडहँड मिळाला, लेडीज शाफ्ट, म्हणजे लवचिक दांडी, हवा असं मी दोनदा लिहून दिलं होतं. आला तो स्टिफ. दांडीवर एस लिहिलेलं. फोन केला तर म्हणे मॅडम एकच असतं. एकच नसतं. कमी वेगाला ताठ शाफ्ट वाकत नाही, तोंड अजून उघडं राहतं, म्हणजे मी जो रोग घालवायला औषध मागवलं त्यानेच रोग वाढणार. परत घेतला नाही त्यांनी. शेवटी पुण्याला पाठवून शाफ्ट बदलून घेतला, त्याला एक महिना गेला. कोणी सेकंडहँड घेणार असाल तर डोक्यावरच्या ब्रँडआधी दांडीवरचं अक्षर बघा, फोटो मागवा, मगच पैसे द्या.

आणि टीची उंची. हे कोणी सांगत नाही आणि माझे पहिले दोन आठवडे यातच गेले. ड्रायव्हरसाठी बॉल उंच ठेवतात, निम्मा बॉल क्लबच्या डोक्याच्या वर दिसायला हवा. तीच सवय फाइव्ह वूडला ठेवली तर क्लब बॉलच्या खालून निघून जातो आणि बॉल सरळ वर, देवळाच्या कळसासारखा. फाइव्ह वूडला टी जमिनीच्या वर एका बोटाच्या जाडीएवढी पुरे, हायब्रिडला त्याहून कमी, नुसती गवताच्या वर दिसली तरी झालं. आणि बॉल डाव्या टाचेच्या समोर न ठेवता थोडा आत. मी आता तर्जनीचं पहिलं पेर जमिनीला आडवं लावून टी खोचते, प्रत्येक वेळी.

वाऱ्याचं मात्र अजून जमलेलं नाही. आपल्याकडे सकाळी नऊपर्यंत वारा जमिनीकडून येतो, हलका, मग जमीन तापली की फिरतो आणि अकरापासून समुद्राकडून जोर धरतो, मार्च-एप्रिलमध्ये दुपारी तर माड वाकतात. जास्त लॉफ्टचा बॉल समोरच्या वाऱ्यात वर चढतो, थांबतो आणि जवळजवळ तिथेच पडतो. अशा वेळी ड्रायव्हरचा खालून जाणारा बॉल खरंच उपयोगी असतो, हे कबूल करायला पाहिजे. उन्हाळ्यात जमीन कडक असते, थोडा कमी उंच मारला तरी घरंगळत जातो, पण पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये गवत ओलं, बॉल पडतो तिथेच रुततो. तेव्हा फाइव्ह वूड चांगला की सेव्हन वूड, हे मी अजून वहीत लिहितेय. तोपर्यंत आम्ही लवकर निघतो आणि वारा फिरायच्या आत नऊ होल संपवतो.

ड्रायव्हर मी विकलेला नाही. दाराच्या मागे उभा आहे. मिस्टर विचारतात ठेवायचा कशाला, मी म्हणते असू दे. पुण्यातली चार वर्षं आहेत त्याच्यात, आणि माणसाने प्रेम केलेली वस्तू लगेच ओएलएक्सवर टाकू नये असं मला मनापासून वाटतं. बॅगेत तो नसतो, कारण असला तर हात जातो.

गेल्या रविवारची गोष्ट. चौथी टी. भाचा पुढे गेला, ड्रायव्हर काढला, आणि काय मारला पोराने, आवाजावरूनच कळलं, २४० तरी असेल, फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, मधोमध. मी टाळ्या वाजवल्या. त्याचा खांदा तरुण आहे, त्याने ड्रायव्हरच मारावा, त्याच्या दहातले सहा-सात खेळात राहतात आणि राहिलेले इतके लांब असतात की त्याचा हिशोब वेगळा आहे.

मग मी. पेर जमिनीला लावलं, टी खोचली, बॉल ठेवला. केवडा उजवीकडे होताच, फुललाही असावा कुठेतरी आत, वास येत होता. फाइव्ह वूडचा आवाज ड्रायव्हरसारखा घुमत नाही, टक्क असा बंद होतो. बॉल निघाला, उजवीकडे थोडा वळला, आणि मला पोटात खड्डा पडल्यासारखं झालं, ते अजून जात नाही. पण वळला तेवढाच. केवड्याच्या वीस पावलं अलीकडे पडला, दोन उड्या मारल्या आणि थांबला, पांढरा, गवतावर, टीवरून स्पष्ट दिसत होता.

"दिसतोय ना," मी म्हटलं. भाच्याला मामा माहीत नाहीत, तो म्हणाला, "दिसतोय गो, चल."

तिथून ग्रीन लांब होतं, पुन्हा फाइव्ह वूड, मग वेज नावाच्या आखूड क्लबने एक छोटा फटका, मग दोन पट. त्याने चार केले, मी पाच. वहीत ५ लिहिलं आणि आम्ही पाचव्या टीकडे चालायला लागलो, वारा अजून फिरला नव्हता.